शिवणीतली माया

'माया' या शब्दाचा एक अर्थ हल्ली मुलांना समजावून सांगावा लागतो. उल्हासनगरला शाळेत होतो तेव्हा जूनमध्ये गणवेश शिवायला टाकताना आया शिंप्याला बजावायच्या, "माया जरा जास्त ठेवा, पोर वाढतंय." शिवणीत दाबून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. हृदयाच्या पेशीलाही अशी माया असते हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. (मी मराठीचा मास्तर, विज्ञानाचा तास कधी घेतला नाही, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.)

वाचायला कारण घडलं ते घरचंच. बदलापूरचे आमचे मेहुणे, वय ५२. तीन आठवडे स्टेशनचा पूल चढताना छातीत दाटायचं, थांबलं की जायचं. मग एका सकाळी झटका आला. अंबरनाथचे दादा ७८ वर्षांचे, मधुमेही. त्यांना आधी काहीच नाही. एका रात्री घाम आणि थकवा, बस. दोघेही साधारण सारख्याच वेळात इस्पितळात पोचले. मेहुण्यांच्या हृदयाचं नुकसान थोडं झालं, दादांचं फार. वहिनी अजून म्हणतात, "माझ्याच लक्षात आलं नाही."

झाडाच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशीला नुसतं पटल. जाडी मिलिमीटरच्या एक लाखांशाहूनही कमी! रक्तवाहिनी तुंबली की प्राणवायू तुटतो, पटलातले क्षार आत-बाहेर करणारे पंप थंडावतात, पेशी फुगू लागते. आणि रक्त पुन्हा सुरू झालं की त्या लोंढ्याचाच आणखी ताण येतो. मग पटल फाटतं. डॉक्टर ट्रोपोनिनची तपासणी करतात ना, ती याचीच. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या आतलं प्रथिन. ते रक्तात भरपूर सापडलं, म्हणजे पेशींची पटलं फाटून बाहेर आलं.

या पटलात बारीक बारीक खळगे असतात. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रथम दिसले. नाव कॅव्हिओली. (ते घडायला कोलेस्टेरॉल लागतं. ज्याला आपण उठता-बसता शिव्या घालतो, तेच!) पेशी ताणली गेली की हे खळगे उलगडतात आणि पटलाला जरा सैल मिळते. हीच ती माया. शिवाय संकटाचे निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या रेणूंची बैठकही तिथेच असते.

निरोपांचं महत्त्व एका जुन्या प्रयोगावरून कळतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९८६ साली कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटं, अशी चार वेळा बंद करून उघडली आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. नुकसान झालं ते अशी तयारी न मिळालेल्या कुत्र्यांच्या मानाने जेमतेम पाव. छोट्या त्रासाने हृदय सावध झालं होतं. पुढे २००८ साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयात या खळग्यांचं प्रथिन, कॅव्हिओलिन-३, वाढवलं, तर तयारी न देताच तेवढं संरक्षण मिळालं. म्हाताऱ्या उंदरांत मात्र हे प्रथिन कमी झालेलं दिसतं.

माणसांचं काय? नेपल्सच्या डॉक्टरांनी १९९७ साली दाखवलं की झटक्याआधी छातीत दुखून गेलेल्यांपैकी ६५ च्या आतल्यांना त्याचा फायदा होतो, वरच्यांना होत नाही. मधुमेहातही तो हरवतो. मेहुण्यांचा पूल आणि दादांचं वय, दोन्ही माझ्या डोळ्यांपुढे आले. (पूल चढताना दुखलं तर 'तयारी होतेय' म्हणून बसू नका हं, डॉक्टर गाठा. मेहुणे नशिबाने वाचले.)

दंडाला पट्टा आवळून-सोडून हृदयाला तशी तयारी देता येईल का, हे पाच हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं गेलं. २०१९ साली निकाल आला : उपयोग नाही. उंदरांचं प्रथिन माणसांत घालायची सोय तर अजून नाहीच. पण नेपल्सच्याच मंडळींना २००१ साली आढळलं की जे वयस्क भरपूर हालचाल करत होते, त्यांच्यात ते हरवलेलं संरक्षण टिकून होतं.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. मधुमेह्याला झटक्यात कळ येईलच असं नसतं, तेव्हा लक्षात यायला होतं काय, हेही सांगितलं. ऐकून घेतलं. पटलं की नाही, माहीत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज सकाळी दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत हळूहळू चालत जातात. दादा वाटेत दोनदा बसतात. वहिनी बसत नाहीत, त्यांच्याकडे बघत उभ्या राहतात.