काढलेलं इंजिन

तलासरीत हायवेला लागून एक गॅरेज आहे. तिथल्या चिंचेच्या फांदीला चेन कप्पी बांधलेली आणि कप्पीला भाच्याच्या झेनचं इंजिन टांगलेलं. मिस्त्री साखळी ओढत होता, कड्या कडकडत सरकत होत्या आणि इंजिन स्वतःभोवती संथ गिरक्या घेत खाली येत होतं. बुडातून तेलाचा एखादा थेंब धुळीत पडायचा. ९९३ सीसी, चार सिलिंडर, आजार काहीच नाही. सकाळी त्याच्याच जोरावर गाडी डहाणूहून इथवर आली होती.

‘‘मामा, जरा बाजूला व्हा,’’ भाचा म्हणाला. माझ्याकडे किंवा त्या उतरलेल्या इंजिनाकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता. सगळे गोणपाटावरच्या दुसऱ्या इंजिनाभोवती उकिडवे बसले होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेलं एस्टीमचं इंजिन. १२९८ सीसी, सोळा वॉल्व्हचं. दोन्ही सुझुकीच्या एकाच खानदानातली, त्यामुळे फार ठोकाठोक लागणार नाही, असं मिस्त्री म्हणाला होता. लागलीच. एअर फिल्टरचा डबा बॉनेटला टेकला, वायरिंगचा गुंता सोडवण्यात दोन रविवार गेले.

आणि हे सगळं ४०२ मीटरसाठी. पाव मैल. लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात. दोन गाड्या शेजारी उभ्या, हिरवा दिवा, सरळ रेघेत जीव खाऊन पळायचं आणि संपलं. वळण नाही, चढ नाही, कुणाला कुठे पोहोचायचंही नाही. माझ्यासारख्याला हे कळायला वेळच लागतो.

कारण याच चिंचेखाली मी आणखी एक इंजिन उतरताना पाहिलंय. आमच्या वडिलांच्या जीपचं. मी तेव्हा सातवीत होतो. जीप डहाणू ते कासा वडाप मारायची. आत नऊ, मागे लटकलेले पाच, टपावर चिकूच्या पाट्या. तिचं २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन ठणठणीत होतं, पण दिवसाची कमाई तेच पिऊन टाकायचं. त्या काळी अर्ध्या महाराष्ट्रानं केलं तेच वडिलांनी केलं, मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. जीप भातगिरणीसारखी वाजू लागली. आरसा इतका थरथरायचा की वडिलांनी त्याच्या मागे सिगारेटच्या पाकिटाची घडी खोचली होती. वेग गेला, पण घर सावरलं.

काढलेलं पेट्रोल इंजिन गोठ्यात आलं. त्याच्या आडोशाला आमची एक कोंबडी अंडी घालायची. मृगाच्या आधी वडील न चुकता त्याचे प्लग काढून आत तेल सोडायचे. ‘‘पुढे-मागे बसवू परत,’’ म्हणायचे. बसवलं कधीच नाही. पुढे भंगारवाल्यानं ते किलोवर नेलं, तेव्हा वडील घरातून बाहेर आले नाहीत.

बसवलेल्या इंजिनाच्या गोष्टी सगळे सांगतात. अमेरिकेतल्या पोरांच्याही तशाच आहेत. १९३२मध्ये फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट इंजिन काढलं. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर धावण्यासाठी पोरांनी जुन्या मॉडेल ए गाड्यांमधली चार सिलिंडरची इंजिनं उपटून हे घुसवलं. मग १९५५ साली शेव्हरोलेचं आटोपशीर व्ही-एट आलं आणि फोर्डवाली इंजिनं उतरू लागली. एकेकाळी जावयासारखी मिरवलेली, तेवीस वर्षांत परसात.

आपल्याकडे तर कारखान्यातच हे झालं. १९८५ साली आलेल्या प्रीमियरच्या ११८ एनईचं अंग इटालियन फियाटचं आणि काळीज जपानी निसानचं, ११७१ सीसीचं. कंपनीनं केलं की नवं मॉडेल, पोरानं केलं की उपद्व्याप! कायद्याचं मात्र बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल, दोन्हींमुळे गाडीत मनाला येईल तो बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे एमएच-०४ची पाटी मिरवणारी ही झेन आता टेम्पोवर चढून घाटात जाते. माझ्या बहिणीला तेवढाच दिलासा. २०२२च्या सप्टेंबरात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हापासून ती हायवेचं नाव काढू देत नाही.

पहिल्या रेसला मीही गेलो. हिरवा दिवा लागला आणि झेन जागच्या जागीच भुंकली. पुढची चाकं गरागरा फिरली, धूर झाला आणि शेजारची गाडी निघून गेली. गॅरेजच्या मिस्त्रीनं नंतर मला समजावलं. गाडी झेप घेते तेव्हा भार मागे सरकतो, ढुंगण बसतं आणि नाक उचलतं. झेनची ताकद तर पुढच्याच चाकांत! ऐन गरजेला तीच हलकी होतात. इंजिन जितकं तगडं, तितकी चाकं रस्ता सोडायला उतावीळ. मग टायर, क्लच, दाबून सोडायची रीत, सगळं नव्यानं शिकायचं. तीन खेपांनंतर भाचा सोळा सेकंदांच्या आत आला. तो आकडा त्यानं मला ज्या चेहऱ्यानं सांगितला, तसा चेहरा मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

झेनचं जुनं इंजिन आता माझ्या वाडीत आहे, चिकूचे क्रेट ठेवतो त्या खोलीत. भाचा म्हणाला, ‘‘मामा, जागा अडत असेल तर देऊन टाका कुणाला.’’ मी बरं म्हटलं.

परवा पश्चिमेला ढग दिसले. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडलं. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. आधी हललं नाही. मग फिरलं.