खाडीकाठचं मीठ

माझ्या माहेरी मीठ विकत आणणं म्हणजे नाक कापून घेणं. पेणकडच्या खाडीकाठी आमचं मिठागर. आजोबांनंतर ते आक्रसत गेलं, तरी बाबांनी थोडे वाफे राखलेत. लग्न होऊन पुण्याला निघाले तेव्हा भांड्यांच्या आधी गाडीत मिठाची गोणी चढली होती. पुढे सहा वर्षं माझ्या भाजी-आमटीत तेच टपोरं खडे मीठ पडत राहिलं.

दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यातल्या तपासणीत थायरॉइडचं टीएसएच ६.८, म्हणजे जास्त आलं. थायरॉइडविरोधी अँटिबॉडीज तपासल्या, त्या नव्हत्या. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात मीठ कुठलं वापरता?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नावापुरतंच असतं. ते वरून घालावं लागतं," त्या म्हणाल्या. "मासळी खाता?"

एरवी खायचेच. पण उलट्या सुरू झाल्यापासून मासळीचा वास आला तरी मी मोरीकडे धावत होते. दूधही पोटात ठरत नव्हतं. म्हणजे आयोडीन येण्याच्या सगळ्या वाटा एकदमच बंद झाल्या होत्या. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मी न चुकता घेत होते. त्यांत आयोडीन नव्हतं.

हे सगळं मिठामुळेच झालं, असं बाईंनी छातीठोकपणे सांगितलं नाही. एकदा लघवी तपासून एका बाईची कमतरता ठरत नाही, हेही सांगितलं. पण गरोदरपणात आईच्या थायरॉइडला जवळपास दीडपट काम पडतं, लघवीवाटे आयोडीनही जास्त जातं. त्यामुळे एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, ते या दिवसांत २५० लागतं. आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची थायरॉइड ग्रंथी पुरती कामाला लागलेली नसते. त्याचा मेंदू आईच्या हार्मोनवरच घडत असतो.

हे ऐकलं आणि मी बोटांवर आठवडे मोजायला लागले. मला कळलं होतं सहाव्या आठवड्यात. त्याआधीचे दिवस तर कळण्याआधीच निघून गेले होते. त्या रात्री मिठाची बरणी ओट्यावरून उचलून माळ्यावर टाकली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिले. बाबांनी उन्हात पाय भाजत काढलेलं मीठ होतं ते.

गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, लोहाची तिच्यानंतर चार तासांनी, शिवाय आयोडीन असलेली वेगळी. मीठ मात्र वाढवायचं नव्हतं, बदलायचं होतं. पाकिटातलं मीठ ग्राहकाच्या हाती येईपर्यंत त्यात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन उरायला हवं, इतकं साधं गणित. सातव्या महिन्यापर्यंत टीएसएच ताळ्यावर आलं.

ओटीभरणाला माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं. "अगो, समुद्राचंच मीठ, त्यात नाय तर कशात असणार?" ती दुखावलीच. नेमक्या गावच्या आशा सेविका आल्या होत्या. त्यांच्याकडे मीठ तपासायचं किट होतं. त्यांनी दोन बशांत दोन मिठं घेतली, वर थेंब टाकले. दुकानातलं मीठ जांभळं झालं. आमचं पांढरंच राहिलं. आई पुन्हा पुन्हा बशी उजेडाकडे वळवून बघत होती.

बाबांना राग आला नाही. त्यांनी विचारलं, "हे आयोडीन मिठात घालतात कसं?" मी वाचलेलं सांगितलं: पोटॅशियम आयोडेटचं द्रावण मिठावर फवारतात. ते का घालतात, तेही सांगितलं: हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं, काहींना साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या गावांतले गलगंड झपाट्यानं कमी झाले. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपलं मीठ बर्फवाल्यांना आणि सुकटीला. ताटात नको."

जन्मानंतर थायरॉइड तपासायला लेकीच्या टाचेतून रक्त घेतलं तेव्हा मी तोंड फिरवून उभी होते. अहवाल ठीक आला. ती आता तीन वर्षांची आहे आणि दिवसभर बडबडते.

यंदा धाकट्या भावाचं लग्न झालं. वहिनीला अजून दिवस गेलेले नाहीत. गेल्या आठवड्यात माहेरी गेले, तर तिच्या फळीवर पाकिटातलं मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवलेलं दिसलं. डबा आईनं आणला होता.