पोलिसांचा संघ

फुटबॉल आणि मराठवाड्यातील एखादे ब्राह्मण कुटुंब यांचा परस्परांशी संबंध तो काय, असा प्रश्न वाचकांपैकी कित्येकांस पडेल, आणि तो गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या बाळपणी सिल्लोडास हुतुतू, आट्यापाट्या आणि विटीदांडू एवढेच काय ते खेळ. कातडी चेंडू शाळेत एकच होता, आणि तो बहुधा हवेवाचून कपाटात निपचित पडलेला असे. असे असूनही आमच्या ओसरीवर संध्याकाळी जी मंडळी जमत, त्यांच्या बोलण्यात पीकपाणी आणि कोर्टकचेरी संपली की हटकून एक विषय निघे. हैदराबादच्या पोलिसांनी रोव्हर्स करंडक पाच वर्षे ओळीने कसा जिंकला, हा तो विषय. ज्यांनी सामना कधी पाहिला नव्हता, असेही त्यात हिरिरीने बोलत.

ही रोव्हर्सची स्पर्धा मुंबईची. १८९१ साली ती सुरू झाली आणि पुढे सेहेचाळीस वर्षे तो करंडक गोऱ्या पलटणींच्या हातून सुटला नाही. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो प्रथम हिंदी हाती आणला. त्यानंतर १९५० पासून १९५४ पर्यंत हैदराबाद सिटी पोलीस या संघाने तो लागोपाठ पाच वेळा घेतला. स्वातंत्र्यानंतर दिल्लीस ड्युरँड करंडकाची स्पर्धा १९५० मध्ये पुन्हा भरली, तोही प्रथम याच संघाने नेला. अंतिम सामन्यात समोर कलकत्त्याचे मोहन बागान होते. कलकत्ता म्हणजे फुटबॉलची पंढरी, आणि तेथील मातबर संघास दक्खनच्या शिपायांनी नमवावे, याचे कौतुक त्या काळी सर्व देशात झाले.

आता हा संघ सिल्लोडकरांस आपला का वाटावा, हे आजच्या तरुण वाचकांस थोडे उलगडून सांगितले पाहिजे. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबादचे होतो. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेलुगू व कानडी मुलखाबरोबर त्या एका राज्यात नांदत होते. मोठे शिक्षण घ्यावयाचे तर मनमाड-सिकंदराबादच्या लहान रुळांच्या गाडीत बसून हैदराबादेस जावयाचे. उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीतील मराठी घरांतून स्नानसंध्या करणारे आणि उर्दू वर्तमानपत्र झरझर वाचणारे एकच गृहस्थ असत, व त्यात कोणास विशेष काही वाटत नसे. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असू, हे तशांपैकीच एक. १९४९ पासून दोन वर्षे ते हैदराबादेस शिकावयास होते. फतेह मैदानाच्या कडेस उभे राहून त्यांनी हा खेळ प्रथम पाहिला आणि त्याचे जे वेड घेतले ते अखेरपर्यंत सोडले नाही. या मैदानाचे पुढे लाल बहादूर स्टेडियम झाले. अण्णा मात्र नेहमी फतेह मैदानच म्हणत.

परंतु संघाच्या नावातील 'पोलीस' हा शब्द आमच्या घरी सहजासहजी गिळला जाणारा नव्हता. आमचे थोरले काका १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत शिक्षण टाकून नागपुरास गेलेले. परत आल्यावर सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. निजामी अमलात दारी पोलीस दिसणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले नाही त्यांस सांगून समजणार नाही. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भयाने आमच्या घरच्या बायकामुलांस अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात नेऊन ठेवले होते. आम्ही तेव्हा आईच्या कडेवर होतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली तेव्हा मंडळी गावी परतली. त्यानंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा पुष्कळ मुसलमान कुटुंबांवरही मराठवाड्यात अत्याचार झाले, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे. आमच्याकडे त्याविषयी मोठ्याने बोलण्याची चाल नाही.

अशा त्या होरपळीस पुरती दोन वर्षे झाली नव्हती, तोच हैदराबादच्या पोलिसांच्या विजयाची वार्ता घेऊन औरंगाबादची मोटार गावात आली. संघातील खेळाडू पाहावे तर अझीझ, नूर महंमद, मोईन, लाईक; त्यांच्याबरोबर पॅट्रिकसारखा एखादा ख्रिस्ती. अण्णांनी ती बातमी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखविली, आणि काका ताटावरून उठावे तसे बैठकीतून उठून आत गेले. पुढे पाचही वर्षे हेच चालले. अण्णा वाचीत आणि काका उठत. दोघे सख्खे भाऊ एका पंक्तीला जेवत, एका विहिरीवर स्नान करीत, पण या एका विषयावर त्यांचे कधी जमले नाही. आम्हां मुलांस हा एक खेळच वाटे. दोघांच्याही बाजूस केवढे सत्य होते, हे ओळखण्याइतके आमचे वय नव्हते.

अण्णांचे म्हणणे असे, की जे शिपाई चेंडू खेळतात त्यांनी आपले काय वाकडे केले? आणि खेळाचे म्हणाल तर त्याचा कर्ता पोलीस नव्हताच, तो होता एक शाळामास्तर. सय्यद अब्दुल रहीम हे नाव अण्णा 'रहीमसाहेब' असे आदराने उच्चारीत. आपणही मास्तर असल्याचा थोडा अभिमान त्यात असावा. रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा, आणि तेही उस्मानियाचेच विद्यार्थी. आपल्याकडे पूर्वी खेळाडूचे कसब म्हणजे चेंडू पायाशी खेळवीत चार जणांस हुलकावणी द्यावयाची आणि प्रेक्षकांच्या टाळ्या घ्यावयाच्या, अशी समजूत होती. रहीमसाहेबांनी ती मोडली. चेंडू आला की एका स्पर्शात पुढच्याकडे द्यावयाचा आणि आपण मोकळ्या जागी धावावयाचे, अशी त्यांची शिस्त. ती अंगी बाणावी म्हणून त्यांनी हुलकावणीस मज्जाव असलेले सामने भरविले. ज्याचा उजवा पाय चांगला त्याने डाव्यानेच चेंडू मारला पाहिजे, असेही सामने ठेवले. अण्णा वर्गात गणित शिकविताना हेच उदाहरण देत: ज्या प्रकारची उदाहरणे येत नाहीत तेवढीच आठ दिवस सोडवावयाची! फुटबॉलचा हा परिणाम आमच्या गुणपत्रिकेवर अनुकूल झाला असे मात्र स्मरत नाही.

एकदा, १९५४ साली, अण्णांनी करंडकाचा सामना डोळ्यांनी पाहण्याचा घाट घातला. सिल्लोडाहून मोटारीने औरंगाबाद, तेथून लहान गाडीने मनमाड, आणि मनमाडास रात्री फलाटावर बसून मग मुंबईची मोठी गाडी. आईने दिलेले दशम्यांचे गाठोडे घेऊन ते कूपरेज मैदानावर पोहोचले. त्या सामन्याचे वर्णन आम्ही पुढे इतक्या वेळा ऐकले, की त्यातील खरे किती आणि मागाहून भरलेले किती, हे आता सांगवत नाही. म्हणून ते येथे देत नाही. परंतु एक गोष्ट ते कधी बदलून सांगत नसत. शेजारी बसलेल्या एका गिरगावकर गृहस्थांनी त्यांस विचारले, "अहो, तुम्ही बोलता शुद्ध मराठी, आणि ओरडता हैदराबादच्या नावाने, हे कसे?" अण्णा म्हणाले, "आम्ही हैदराबादचेच." त्या दिवशी ते उत्तर अक्षरशः खरे होते.

ते खरे राहण्याचे दिवस मात्र आता थोडेच उरले होते. १९५५ साली मोहन बागानने रोव्हर्स करंडक नेला आणि ती माळ तुटली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. हैदराबाद राज्याची तीन शकले होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. ही मागणी आमचीच होती; काकांनी तर त्यासाठी गावोगाव सभा घेतल्या होत्या, आणि अण्णाही मनापासून त्याच मताचे होते. त्या दिवशी घरी गोड झाले. चेंडूच्या खेळाचे काय होईल, हा विचार एवढ्या मोठ्या गोष्टीत कोणाच्या मनात येणार, आणि आला तरी तो बोलून कोण दाखविणार? पण त्याच हंगामात आणि १९५७ च्या हंगामात संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात रहीमसाहेबांच्या हैदराबादची गाठ नेमकी मुंबईशी पडली, आणि दोन्ही वेळा हैदराबाद विजयी झाले. कायद्याने आम्ही हरलो होतो. ओसरीवरील मंडळींनी ती बातमी ऐकली, आणि हसावे की हळहळावे हे न कळून मंडळी अंमळ गप्पच राहिली. काका तेवढे म्हणाले, "आता तरी आपल्या बाजूने बोला!" अण्णांनी उत्तर दिले नाही.

त्याच १९५६ च्या अखेरीस मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले आणि चौथा क्रमांक मिळविला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. ही वार्ता मात्र काकांनी स्वतः वाचली, आणि वाचताना 'भारत' या शब्दावर असा काही जोर दिला की आजूबाजूची घरे जागी व्हावीत. अण्णांनी शांतपणे आठवण दिली की संघाचे शिक्षक रहीमसाहेब, आणि अझीझ, नूर महंमद, झुल्फिकारउद्दीन, बलराम हे सारे हैदराबादचे. "असतील," असे काका म्हणाले. आमच्या घरी हैदराबादच्या खेळाडूंस काकांच्या तोंडून मिळालेली मान्यता ती एवढीच.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. १९६२ साली जाकार्ता येथे भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा रहीमसाहेब कर्करोगाने जर्जर झाले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. आंध्र पोलीस या नव्या नावाने त्यांच्या संघाने १९६३ मध्ये रोव्हर्स करंडक आणखी एकदा जिंकला, आणि मग हळूहळू त्याचे नाव वृत्तपत्रांतून दिसेनासे झाले. चांगले खेळाडू कलकत्त्यास जाऊ लागले; बलराम तर १९५७ सालीच ईस्ट बंगालकडे गेला होता, आणि हबीबने पुढे सारी कारकीर्द तेथेच गाजविली. रोव्हर्स स्पर्धाही या शतकाच्या आरंभी बंद पडली. २०२२ साली हैदराबादच्या एका नव्या व्यावसायिक संघाने देशातील मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा आम्ही तो सामना दूरचित्रवाणीवर शेवटपर्यंत पाहिला. चांगला होता, पण त्या संघास आम्ही ओळखीत नव्हतो. २०२४ मध्ये रहीमसाहेबांवर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला. नातवंडांनी आम्हांस मोठ्या हौसेने नेऊन तो दाखविला. त्याचा रोख राष्ट्रीय संघावर असल्यामुळे आमच्या पाच वर्षांस त्यात फारशी जागा नाही. आंध्र-तेलंगणातील जुने शौकीन या संघाची आठवण काढतात, ते योग्यच आहे. महाराष्ट्रात तो परका, आणि तिकडे आम्ही परके. सिल्लोडात ती नावे ओळीने सांगू शकतील अशी आता आम्हांखेरीज दोन-तीन माणसे उरली असतील.

अण्णांच्या पश्चात त्यांच्या पेटीत एक वही निघाली. तीत वर्षावर्षांच्या सामन्यांचे निकाल टिपलेले आहेत, आणि सारे उर्दू लिपीत. आम्ही १९५६ नंतर शिकलेले; आमच्या घरी ती लिपी आता कोणास वाचता येत नाही. वही अनेक वर्षे तशीच पडून होती. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींकडे आम्ही ती नेली. त्यांनी पहिले पान वाचले, चष्मा काढून पुसला, आणि वही आठ दिवस ठेवून घेण्याची परवानगी मागितली. त्यांचे वडीलही त्याच संघाचे भक्त होते, हे आम्हांस इतकी वर्षे शेजारी राहून ठाऊक नव्हते.

गुरुजींनी पंधरा दिवसांनी वही परत आणली ती सबंध देवनागरीत उतरवून. १९५५ पर्यंतच्या पानांवर अण्णांनी सर्वत्र 'आपण दोन, ते एक' अशा तऱ्हेने लिहिले आहे. १९५६ च्या नोव्हेंबरानंतर 'आपण' हा शब्द एकदाही येत नाही. हैदराबाद इतके, मुंबई इतके, एवढेच. एका गोलापुढील खेळाडूचे नाव मात्र गुरुजींनी पेन्सिलीने खोडून दुसरे घातले आहे आणि कडेस लिहिले आहे की आपल्या वडिलांकडून त्यांनी हे शंभरदा ऐकले होते. अण्णांची नोंद त्याच रात्री केलेली असल्यामुळे तीच ग्राह्य धरावी, असे आमचे म्हणणे. या मुद्द्यावर गुरुजींचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही.