काजूचा डोंगर आणि उपग्रहाचा डोळा



नोकरीत असताना काजूबागायतींच्या कर्जपाहणीसाठी पेडणे आणि डिचोली तालुक्यांत खूप हिंडलो. मार्च-एप्रिलचे दिवस, उतारावर बोंडूंचा घमघमाट, आणि बागायतदाराच्या मनात एकच धास्ती: आग! सुक्या गवतातून ती एका दुपारी डोंगर चढते आणि वर्षाचं उत्पन्न घेऊन जाते. नवीन कलमाला फळ धरायला काही वर्षं लागतात. कर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही.

मार्च २०२३ मध्ये शेजारच्या सत्तरीत म्हादई अभयारण्य पेटलं, नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन आली. तेव्हा नातीने मोबाइलवर उपग्रहाचे लाल ठिपके दाखवले. मी कॉमर्सवाला. विचारलं, "अगं, आपला जांभ्याचा सडासुद्धा दुपारी तव्यासारखा तापतो. उपग्रहाला तो आग वाटत नाही?"

तिने सांगितलं आणि पुढे मीही वाचलं, ते असं. उष्ण वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फेकते. त्यातल्या कोणत्या लांबीचे किरण मोजायचे, तीच खरी निवड. मधले बरेचसे हवेतली वाफच गिळते. मोकळ्या खिडक्या मुख्यतः दोन: तीन ते पाच आणि आठ ते बारा-चौदा मायक्रॉन. म्हणून १९९९ च्या टेरा आणि २००२ च्या अॅक्वा उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण आगीसाठी मुख्यतः चार आणि अकरा मायक्रॉनचे पट्टे वापरतं.

दोन कशाला? मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. एक किलोमीटरचा चौकोन म्हणजे दहा लाख चौरस मीटर. जमीन २७ अंशांवर, आणि त्यात फक्त हजार चौरस मीटरवर सव्वापाचशे अंशांची आग. चार मायक्रॉनवर चौकोनाचं तेज जवळजवळ तिप्पट होतं. अकरावर दोन टक्केसुद्धा वाढत नाही. आता आग नाही, पण सगळा सडा साठ अंशांवर तापलाय असं धरा. चारवर तेज इथेही तिपटीच्या वर! पण अकरावरही दीडपट. म्हणजे एकटा चारचा पट्टा फसतो, दोन्ही ताडले की फरक कळतो. शिवाय आजूबाजूचे चौकोनही ताडून बघतात, आणि दिवसा सूर्याची चकाकी वगळायला दृश्य प्रकाशाचे पट्टे लागतात.

मला हे लगेच पटलं. चेकवरची सही कितीही ठसठशीत असो, नमुना सहीशी ताडल्याशिवाय आम्ही पैसे देत नसू.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केली, तर असे इशारे आपल्यालाही मोबाइलवर मिळतात. बागायत असलेल्यांनी जरूर करावी. मात्र हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातात, आणि दाट ढगांखालचं त्यांना दिसत नाही. तेव्हा मार्च लागायच्या आत बागेभोवतीचं गवत काढून जाळरेषा आखा. ते काम अजून कोयत्याचंच आहे.