गाविलगडाचा कडा

गाविलगडाच्या बाहेरच्या आणि आतल्या कोटांमध्ये एक घळ आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रजांच्या कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी ती ओलांडून, शिड्या लावून आतली भिंत चढली; आतून दरवाजा उघडला आणि गड पडला. ती चढाई गड घेण्यासाठी होती.

आजच्या गिर्यारोहकाची रीत वेगळी. दोरावरच्या सोबत्याचा जीव आपल्या हाती आणि कडा सापडला तसाच ठेवायचा. आमच्या घरांत याला अमानत म्हणतात. गडावरच्या मशिदीच्या दगडांवर मात्र आम्हाला खिळ्याने कोरलेली नावे दिसली. त्यांत आपल्या मुलांचीही होती. चिखलदऱ्याला मुलांना जरूर न्या. पण आधी अमानतीचा अर्थ सांगा आणि खिळे-खडू घरीच ठेवायला लावा.