आमच्या धाकटीचा अर्ज

दुपारची भांडी आवरून मी जरा पाठ टेकणार, तेवढ्यात धाकटी जाऊ लॅपटॉप घेऊन दारात उभी. "ताई, जरा बघता का हो? तुमचं बी.ए. मराठीत झालंय ना, म्हणून म्हटलं..."

मला हसूच आलं. माझं बी.ए. म्हणजे आमच्या घरातलं पितळेचं घंगाळ. एरवी माळ्यावर असतं, कार्यप्रसंगी कुणाला तरी आठवतं! तशी मी इथल्याच एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, पण घरात त्याला कुणी नोकरी म्हणत नाही. "मोठी जरा शाळेत जाऊन येते," असंच म्हणतात.

धाकटीचं तसं नाही. ती वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. लग्नाआधीच तिनं नागपूरला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय आमच्या भागातल्या तलावांत उगवणाऱ्या वनस्पतींचा. लग्न होऊन ती सौंदडला आली तेव्हा आमच्या सासूबाईंना वाटलं, चला, हे खूळ आता आपसूक सुटेल. सुटलं मात्र नाही. मधे बाळंतपणात दोन वर्षं गेली, एवढंच. आता पोरगं दीड वर्षाचं झालंय, आणि ती पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरून गवतं उपटून आणते आणि जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवते. आमच्याकडे रद्दीवाल्याला हल्ली काही मिळत नाही!

तर अर्ज होता पुण्याच्या एका परिसंवादाचा. पाणवनस्पती आणि पाणथळ जागा असा विषय, तीन दिवसांचा कार्यक्रम, देशभरातले शास्त्रज्ञ येणार. नव्या संशोधकांसाठी थोड्या जागा राखून ठेवल्या होत्या. त्यातल्या काहींना शुल्क माफ, काहींना प्रवासखर्चसुद्धा. त्यासाठी तीनशे शब्दांत लिहायचं होतं, की तुम्हाला का यायचं आहे. शिवाय मार्गदर्शकांचं पत्र आणि स्वतःची एका पानात माहिती.

मी वाचायला घेतलं. इंग्रजी होतं, पण मला समजण्याइतकं. जगातली जैवविविधता कशी धोक्यात आहे, हवामान कसं बदलतं आहे, आणि म्हणून अशा परिसंवादांचं महत्त्व किती अनन्यसाधारण आहे... शाळेत मुलं 'पाणी हेच जीवन' या विषयावर निबंध लिहितात ना, हुबेहूब तसं. मी शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "अगं, यात सौंदड कुठे आहे? तू कुठे आहेस?"

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आपल्या तलावांचं काय लिहायचं, ताई? तिथं मोठमोठे लोक येणार."

आता आमच्या तलावांविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण पुण्या-मुंबईकडच्या मैत्रिणींना त्याची कल्पना नसेल. गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार बघून मातीचे बंध घातले आणि एका तलावाचं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात उतरेल अशी सोय केली. नवेगाव बांधचा मोठा तलाव त्यातलाच. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. लोकांनी त्याचं केलं 'मामा तलाव'! धानाला पाणी यांचंच, मासे यांचेच, शिंगाडे आणि कमळाचे कंदही यांचेच. महाराष्ट्रात सारस पक्षी उरलेत ते मुख्यत्वे आमच्याच जिल्ह्यात, तेही या पाण्याच्या आणि धानाच्या आधारानं. पण अलीकडे काठाकाठानं बेशरम माजलीय. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, तोडली तरी फुटते, नाव कुणी दिलं त्याला शंभर मार्क! ती आली की पाण्यातली जुनी गवतं जातात, आणि गवतांबरोबर मासे. ही गोष्ट आमच्याकडच्या ढिवर बायांना कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक होती. धाकटी त्यांच्याच मागं मागं हिंडून एकेका गवताचं गावचं नाव आणि शास्त्रातलं नाव शेजारी शेजारी मांडते आहे.

आणि हे सगळं सोडून बाईसाहेब जगाच्या हवामानावर निबंध लिहीत होत्या!

मी म्हटलं, "तो डबा मिट. मला सांग, मागच्या आठवड्यात आईंशी कशावरून वाद घालत होतीस?"

झालं होतं असं. ऋषिपंचमी होती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपल्याला माहीतच आहे. आमच्याकडे त्या दिवशी देवधानाचा भात असतो. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारा जंगली भात. लांब कुसळं, दाणा लालसर, आणि पिकला रे पिकला की पाण्यात झडतो. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे कुणाकडून तरी पावशेर मिळवला होता. धाकटीनं त्यातला मूठभर बाजूला काढला, तशी त्या म्हणाल्या, "काहून वं, देवाचं धान डबीत भरून काय करतेस?" त्यावर हिनं त्यांना जे सांगितलं, ते मी भाजी चिरता चिरता ऐकलं होतं. जंगली भातच आपल्या शेतातल्या भाताचा पूर्वज, असं ती सांगत होती. पूर्वी ग्रासी स्टंट नावाच्या रोगानं आशियात भाताची दैना केली. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हजारो जाती तपासल्या, आणि प्रतिकार सापडला तो आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका जंगली भातात. त्याचा संकर करून पुढे १९७६ साली आय.आर. ३६ सारखी जात निघाली आणि ती लाखो एकरांवर गेली. "म्हणजे आई, तण समजून उपटून टाकलं असतं तर?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण आणखी एक मूठ त्यांनी आपण होऊन हिच्या डबीत घातली.

"हेच लिही," मी म्हटलं. "आधी मला मराठीत सांग, मी उतरून घेते. मग तू त्याचं इंग्रजी कर."

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही बसलो. ती सांगत होती, मी शाळेच्या जुन्या वहीत लिहीत होते. किती तलाव पाहिले, कुठल्या तलावात देवधान अजून आहे, कुठून गेलं, काय विचारायचं आहे आणि ते पुण्यातच कुणाला विचारता येईल. हा शेवटचा मुद्दा तिनं तीनदा टाळला. 'मला अमुक येत नाही, ते शिकायचं आहे' असं लिहिणं तिला कमीपणाचं वाटत होतं. मला उलटं वाटलं. ज्याला सगळं येतं त्याला कशाला कोण बोलावील?

पण खरी अडचण पुढेच होती. अर्जात एक रकाना होता, शिक्षणात किंवा कामात खंड पडला असल्यास कारण लिहा. तो तिनं कोरा ठेवला होता. विचारलं तर म्हणते, "बाळंतपणाचं काय लिहायचं? त्यांना वाटेल, ही आता घरातच बसणार." मी म्हटलं, अगं, त्यांनी विचारलंय म्हणजे त्यांना जागा द्यायचीय. खंड दिसला आणि कारण नसलं, तर माणूस काहीही समजेल! पण तिला पटेना. तेवढ्यात वीज गेली. भाद्रपदात आमच्याकडे ती जातेच.

अंधारात मी तिला कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. दुर्गाबाई भागवत आपल्याला माहीत आहेत, पण त्यांची ही धाकटी बहीण आपण विसरतो. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तिथं प्रमुख होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई तडक बंगलोरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून अडून बसल्या. शेवटी वर्षभर परीक्षेवर ठेवून घेतलं, तेही अटी घालून. वर्षानंतर रामन यांचंच मत पालटलं. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी साध्या बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं. प्रबंध अवघा चाळीस पानांचा, आणि १९३९ साली पदवी हातात. इकडे परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कशावर काम केलं? तर डाळी, धानाचं पीठ, नीरा. आपल्याच स्वयंपाकघरातल्या वस्तू!

"आणि ई. के. जानकी अम्मल," धाकटी अंधारातून म्हणाली. तिला तिचे लोक पाठ असतात. "१९५५ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला मोठा परिसंवाद झाला होता. माणसानं पृथ्वीचं रूप कसं बदललं, यावर. बोलावलेल्यांत त्या एकट्याच बाई होत्या."

"त्यांनी रकाने कोरे ठेवले असतील का गं?"

ती हसली, पण लिहीन असं म्हणाली नाही.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी या घरात मी कधी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या लग्नाच्या वर्षी मला बी.एड.च्या प्रवेशाचं पत्र आलं होतं. कागदपत्रं घेऊन हजर राहायची तारीख होती. घरात नणंदेचं लग्न निघालं होतं, पाहुणे होते. 'जाऊ का?' असं मी कुणाला विचारलंच नाही. कुणी नाही म्हटलं नव्हतं हो! मीच मनात सगळ्यांच्या वतीनं नाही म्हणून टाकलं. तारीख निघून गेली. ते पत्र अजून माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे, आणि मी अजून तासिकेवर आहे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. वीज आली तेव्हा तिनं लॅपटॉप उघडला आणि त्या रकान्यात तीन ओळी लिहिल्या. मी वाचल्या नाहीत.

मार्गदर्शकांच्या पत्रासाठीही ती आठ दिवस अडून होती. "सर कामात असतात, बरं दिसत नाही." मी शेजारी बसून फोन करायला लावला. त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र पाठवलं, वर म्हणाले, आधी का नाही मागितलंस? आठ दिवसांची झोप गेली ती गेलीच.

शेवटच्या दिवशी काय व्हायचं ते सगळं झालं. सकाळपासून पाऊस, वीज नाही, मोबाईलवर नेट येत-जात. कागद चढवावा तर फाईल मोठी, संकेतस्थळ घेईना. दुपारी ह्यांनी स्कूटर काढली आणि तिला साकोलीला एका संगणकवाल्याकडे नेलं. आमच्या ह्यांना देवधान आणि धान यातला फरक आजही सांगता यायचा नाही, पण भर पावसात गेले. संध्याकाळी दोघं ओलीचिंब परत आली. अर्ज पोचल्याचा क्रमांक तिनं हातावर पेनानं लिहून आणला होता. अर्धा पुसला होता!

दिवाळी झाली, धान कापून झालं. मग उत्तर आलं. निवड झाली, शुल्क माफ, फलक लावायला जागा दिली. प्रवासखर्च मात्र स्वतःचा. भाऊजी म्हणाले, "तीन दिवसांसाठी एवढ्या लांब? पुढच्या वर्षी नागपूरला काही असेल तर जा." ती गप्प. मीही गप्प होते, पण माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. नवा मिक्सर घ्यायचा ठरला होता. जुना अजून चालतोय. वाटताना झाकण दाबून धरावं लागतं, इतकंच. पोराचा प्रश्न उरला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी चार पोरं कोणी पाहिली होती? ठेव त्याला माझ्यापाशी."

जानेवारीच्या थंडीत आम्ही तिला सौंदड स्टेशनवर पोचवायला गेलो. इथून पॅसेंजरनं गोंदियाला, रात्र माझ्या माहेरी काढायची, आणि सकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुणे. फलकाची गुंडाळी तिनं गव्हाच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकात लपेटली होती. पोरानं रडून आकांत केला. गाडी सुटली, आणि मी धावतपळत शाळेत तिसरा तास गाठला.

परिसंवादाच्या दुसऱ्या दिवशी, नेमकी मी भाताला आधण ठेवलं असताना, तिचा फोन. आवाजच वेगळा! "ताई, इथं एक मोठ्या बाई माझ्या फलकापाशी कितीतरी वेळ थांबल्यात. विचारतायत, देवधान पिकलं की झडतं, मग ढिवर बाया ते गोळा कसं करतात. मी त्यांना सांगितलं, कोवळं असतानाच लोंब्या बांधून ठेवतात. पण कधी बांधतात, किती दिवस आधी, ते मला नीट येईना. आईंना विचारता?"

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्यांनी आधी पोराची खुशाली सांगितली, मग लोंब्या कशा बांधायच्या, गाठ कशी मारायची, डोंगा कसा न्यायचा, कुठल्या तलावातलं धान गोड लागतं. पलीकडून प्रश्न येत होते आणि ह्या सांगत होत्या. मीही ऐकत उभी राहिले, आणि भात खाली लागला.