ठिणगीविना पेटणारी आग

हिवाळ्यात पहाटे कधी मुरगूडला आलात, तर जरा कान द्या. वेदगंगेकाठी ऊसतोडीचे दिवस असतात. रात्रभर गारठलेला ट्रक नुसताच घर्रघर्र करतो, पांढरा धूर सोडतो. असं का बरं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते! सायकलला हवा भरताना पंप तापतो ना? तशीच इंजिनात हवा जोरानं दाबली, की इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये असं इंजिन चालवून दाखवलं. पण गार लोखंड ही ऊब शोषून घेतं. ऑइल घट्ट होतं, बॅटरीही मंदावते. धूर म्हणजे न जळलेलं डिझेल!

म्हणून जाणता ड्रायव्हर लगेच रेस करत नाही; आधी ऑइल सगळीकडे पोचू देतो. नाहीतर इंजिन झिजतं. घरघर सुरळीत झाली, की समजा, आतली आग नीट पेटली!